ब्रह्मपुरीचा पाहुणा : एका ग्रीक नावाची कुळकथा

(कोल्हापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



सीपीआर दवाखान्यात घरातलं कुणीतरी दाखल असतं, रिपोर्ट यायला दोन तास असतात, आणि माणूस रस्ता ओलांडून समोरच्या टाऊन हॉलच्या झाडाखाली येऊन बसतो. कोल्हापूरच्या निम्म्या लोकांनी टाऊन हॉल असाच पाहिलेला आहे, म्हणजे बाहेरून. मीही तिथं पहिल्यांदा असाच गेलो. आजोबा दवाखान्यात होते आणि मी रडून वैताग दिला होता. मामा म्हणाले, "चल की, आत गार असतंय." आत तोफा, नाणी, मूर्ती, खापरं. एका कपाटात काशाचा एक छोटा दाढीवाला माणूस उभा होता. अंगावर सुतळीचा तोडा नाही. एक हात वर उगारलेला, जणू समोरच्याला थांबवतोय. "मामा, ह्यो कुठला देव?" मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "परगावचा हाय कुणीतरी," एवढंच म्हणाले.

त्या उत्तरात चूक काही नव्हती. परगावचाच होता. मात्र त्याचं गाव आणि नाव शोधत जाण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते वर्गात सांगायचे की इतिहासात वस्तू सापडणं ही निम्मी गोष्ट. तिला नाव सापडलं की गोष्ट पुरी होते. म्हणून आज मी या मूर्तीपेक्षा तिच्या नावाबद्दल जास्त बोलणार आहे. नाव आहे पोसायडन. आपण इंग्रजांच्या तोंडून ऐकलं म्हणून पोसायडन म्हणतो. जुना ग्रीक उच्चार 'पोसेइदोन'च्या जवळ जाणारा, आणि आजचा ग्रीक माणूस 'पोसिधोनास' म्हणतो. आपण मराठीत रुळलेलंच वापरू.

आधी तो इथं सापडला कसा, ते सांगतो. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी तुम्हाला माहीत आहे. घाटाकडे जाताना आपण जिला उंचवटा म्हणून ओलांडतो, ती मुळात एकावर एक वसलेल्या वस्त्यांची रास आहे. 1944-45 मध्ये राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांनी इथं खोदकाम केलं. कुंदणगार कन्नडचे प्राध्यापक. कोल्हापूर संस्थानातले शिलालेख वाचून छापणारा हा माणूस आज कोल्हापूरकरांना फारसा आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या खोदकामात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. मग 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्यांचा अहवाल 1952 साली छापून आला. टेकडीच्या खालच्या थरात सातवाहनांच्या काळातलं शहर होतं : विटांची घरं, भांडी, मणी आणि धनुष्यबाणाचं चिन्ह असलेली 'कुर' राजांची नाणी. वस्तुसंग्रहालय 1946 साली सुरू झालं ते याच ऐवजाच्या बळावर. पुढं 1949 मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आलं. ती इमारत चार्ल्स मँटनं 1872 ते 1876 मध्ये बांधलेली, तेव्हा पाहुण्याला घरही परदेशी वळणाचंच मिळालं.

काशाच्या त्या साठ्यात बहुतेक माल इथला होता. हत्ती होता, गाडे होते, घरगुती भांडी होती. मोजक्या वस्तू मात्र समुद्रापलीकडच्या निघाल्या. त्यांत पोसायडनची मूर्ती, नक्षीदार मुठीची सुरई आणि एक आरसा. रिचर्ड डी पुमा या अमेरिकन अभ्यासकानं 1991 साली या रोमन काशावर स्वतंत्र निबंध लिहिला. हा माल इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा, आणि अशाच सुरया इटलीत पाँपेईच्या परिसरातही मिळतात.

हे कोड्यात पडण्यासारखं नाही. त्या काळात इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर बसून आपल्या किनाऱ्याला लागत. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक खलाशी-वहीत सोपारा, कल्याण, चौल यांची नावं आहेत, आणि घाटावरच्या पैठण-तेरचीही आहेत. टॉलेमीच्या भूगोलात 'हिप्पोकौरा' नावाची राजधानी येते, राजा 'बालेओकौरोस'. हा आपल्या नाण्यांवरचा विळिवायकुर असावा आणि हिप्पोकौरा म्हणजे कोल्हापूर असावं, असं काही अभ्यासकांनी मांडलं. मी त्यावर पैज लावणार नाही. गंमत एवढीच की ग्रीकमध्ये 'हिप्पो' म्हणजे घोडा, आणि घोडा हा पोसायडनचाच प्राणी. परक्या गावाचं नाव ऐकताना माणसाचा कान आपल्या ओळखीचा शब्द शोधतो, हे टॉलेमीला जमतं तसं आपल्यालाही जमतं.

ज्यानं ही मूर्ती घेतली त्याला ती कुणाची हे ठाऊक होतं का? मला वाटतं, नसावं. रोमन घरात अशी वीतभरही नसलेली मूर्ती देव्हाऱ्यात असे, आपल्याकडे टाक असतात तशी. ब्रह्मपुरीच्या घरात ती शोभेची वस्तू असेल, एखाद्या व्यापाऱ्याच्या वखारीतला नग असेल, किंवा चक्क मोडीचं कासं म्हणून ठेवलेली असेल. वर उगारलेल्या हातात त्रिशूळ असणार, असं मानतात. तो असता तर कुणी त्याला शंकर म्हणून हळदकुंकू वाहिलं असतं. म्हणजे सातवाहनांच्या कोल्हापुरात देव आला, त्याचं नाव मात्र वाटेत कुठंतरी राहिलं. ते त्याला परत मिळालं ते थेट विसाव्या शतकात, पुस्तकांतून.

आता त्या नावाकडे.

पोसायडन हा समुद्राचा देव, हे शाळेतलं पोरही सांगेल. रिक रायर्डनची पर्सी जॅक्सनची पुस्तकं 2005 पासून आली आणि माझ्या नातवाला तर आपल्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही, पण पर्सी हा पोसायडनचा मुलगा हे झोपेतही सांगता येतं. पण नाव समुद्राचं असेलच असं नाही. नावात समुद्र आहे याला ठाम पुरावा नाही.

सर्वांत जुना पुरावा मातीच्या पाट्यांवर आहे. ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलोस इथं 1939 साली कार्ल ब्लेगनला राजवाड्याच्या दप्तरखान्यातल्या पाट्या मिळाल्या. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास वाडा जळला, आणि त्या आगीत कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या. लिपी कुणाला वाचता येत नव्हती. ती फोडली मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदानं, 1952 साली, तिशीही गाठलेली नसताना. ज्या वर्षी आपल्या ब्रह्मपुरीचा अहवाल पुण्यात छापला गेला, त्याच वर्षी लंडनमध्ये ही लिपी बोलायला लागली. आणि पाट्यांवर काय निघालं? 'पो-से-दा-ओ'. त्याच्या नावानं द्यायच्या जिनसांची यादी : गहू, दारू, बैल, चीज, मध, मेंढीचं कातडं. आपल्या एखाद्या देवस्थानच्या इनामपत्रात शोभेल असा हिशेब. पायलोसमध्ये झ्यूसपेक्षाही याचा मान मोठा दिसतो. त्याच पाट्यांत 'पो-सि-दा-ए-या' अशी एक देवीही आहे, बहुधा त्याची जोडीदारीण. पुढच्या ग्रीक वाङ्मयात ती कुठंच येत नाही. नवऱ्याचं नाव तीन हजार वर्षं टिकलं, बाईचं एका पाटीवर उरलं. हेही आपल्याला अपरिचित नाही.

नावाची फोड करताना पंडितांचं एका भागावर बऱ्यापैकी एकमत आहे. पहिला भाग 'पोसि' किंवा 'पोति'. डोरियन ग्रीक याला 'पोतेइदान' म्हणत. त्यावरूनच पोतिदाइया हे शहर. हा 'पोति' म्हणजे धनी, मालक, नवरा. संस्कृतातला 'पति'. सभागृहात जे संस्कृत शिकले आहेत त्यांनी हे ताडलं असेल. ग्रीकमधला 'देस्पोतेस', ज्याच्यावरून इंग्रजीत जुलमी राजाला शब्द आला, तो मुळात 'घराचा धनी'. आणि वेदातला 'दम्पति' अक्षरशः तोच, दम म्हणजे घर. आपण दंपती म्हटलं की लग्नपत्रिकेतलं जोडपं डोळ्यांसमोर आणतो. ग्रीकांनी त्याचा हुकूमशहा केला. लग्न झालेल्यांना यातलं नातं मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण या गावात वेगळं उदाहरण द्यायला हवं : ज्या गादीच्या शहरात आपण बसलो आहोत, त्या 'छत्रपती' शब्दाचा उत्तरार्ध आणि 'पोसायडन'चा पूर्वार्ध एकाच मुळाचे आहेत.

दुसऱ्या भागावर मात्र भांडण आहे. 'दा' म्हणजे पृथ्वी, म्हणून पोसायडन हा भूपती, असं एक मत. पाण्याशी जोडणारं दुसरं मत 'दा'ला संस्कृत 'दानु'च्या पंक्तीला बसवतं. तिसरं मत म्हणतं, हा भाग ग्रीकच नाही, आधीच्या कुठल्या तरी भाषेचा आहे. प्लेटोनंही 'क्रॅटिलस'मध्ये या नावाच्या व्युत्पत्ती दिल्या आहेत. त्यातली एक अशी की समुद्रापाशी आल्यावर माणसाची पावलं थांबतात, म्हणून हा पायांची बेडी. आपल्या यास्काचं निरुक्त वाचताना जसं अर्धं पटतं आणि अर्ध्यावर हसू येतं, तसंच हे. पण पायांच्या बेडीची कल्पना भाषाशास्त्रात नापास झाली तरी मला आवडते.

मला स्वतःला भूपतीकडे झुकावंसं वाटतं, आणि त्याचं कारण व्युत्पत्तीत नाही. ते त्याच्या बिरुदात आहे. होमरमध्ये हा 'पृथ्वी हलवणारा' आहे. तशाच अर्थाचं बिरुद पाट्यांवरही सापडलं आहे. ग्रीकांना भूकंप पाठवायचा तो हाच. इसवी सनापूर्वी 373 मध्ये हेलिके नावाचं शहर एका रात्रीत समुद्रात गेलं, तेव्हा पोसायडन कोपला असंच लोक म्हणाले. त्या शहरात त्याचं मोठं देऊळ होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा मी लहान होतो. फळीवरची पितळेची भांडी एकामागून एक खाली आली आणि आजी अंगणात उभी राहून जमिनीला हात लावून नमस्कार करत होती. समुद्र आमच्या घरातल्या कुणी तोवर पाहिला नव्हता. पृथ्वीचा धनी कोण असतो हे समजायला समुद्र पाहावाच लागतो असं नाही.

पुढं झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, आणि मधल्याच्या वाट्याला समुद्र आला, ही होमरची कथा. भाऊबंदकीत पृथ्वी सामाईक राहिली, म्हणजे सातबारावर तिघांची नावं! अथेन्ससाठी अथेनाशी चढाओढ लागली तेव्हा यानं खडकातून खारं पाणी काढलं, तिनं ऑलिव्हचं झाड दिलं. लोकांनी झाड घेतलं. खारं पाणी देणाऱ्याला निवडून कोण देणार?

रोमनांनी आपल्या नेप्च्यूनला पोसायडनची सगळी कुंडली दिली. दक्षिण इटलीतल्या पोसायडोनिया या ग्रीक वसाहतीचं नाव रोमनांनी पेस्टम करून टाकलं; आपल्या सुरईच्या मुलखापासून ते फार लांब नाही. तिथलं एक देऊळ लोक शतकानुशतकं 'नेप्च्यूनचं' म्हणत आले, आणि ते बहुधा हेराचं निघालं. नाव देवाला सोडून जातं आणि दुसऱ्याच देवळाला जाऊन चिकटतं.

पण नाव कसं चिकटवावं हे बघायचं तर आपल्या मराठी आकाशात बघा. इथं मला ब्रह्मपुरीच्या साठ्यातली आणखी एक वस्तू आठवते. काशाची एक गोल चकती, तिच्यावरचा देखावा अभ्यासकांनी पर्सियस आणि अँड्रोमेडा यांचा म्हणून ओळखला आहे. कथा अशी : राणी कॅसिओपियानं रूपाची बढाई मारली, पोसायडननं चिडून पूर आणि समुद्री राक्षस धाडला, राजा सेफियसनं मुलगी अँड्रोमेडा खडकाला बांधली, आणि पर्सियसनं तिला सोडवली. हे अख्खं कुटुंब आज आकाशात आहे. मराठी खगोलाच्या पुस्तकांत त्यांची नावं काय आहेत? पर्सियस म्हणजे ययाती. अँड्रोमेडा म्हणजे देवयानी. कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सेफियस वृषपर्वा. ज्यानं कुणी ही जुळवणी केली त्याच्या बुद्धीला दाद द्यायला हवी. राजा, दोन स्त्रिया आणि बाप हा आकडा बरोबर बसला. फक्त ग्रीक आई मराठीत येताना सवत झाली. आणि ग्रीक कथेत देवयानीला सोडवणारा शूर इथं ययाती होऊन बसला, ज्याला आपल्याच वासनेपासून सुटका नव्हती. 'ययाती' कादंबरीला 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिला. तिचे लेखक वि. स. खांडेकर कोल्हापुरातच राहत. त्यांच्या घरापासून काही अंतरावर ती चकती होती, आणि वर आकाशात तोच देखावा त्यांच्या नायकाच्या नावानं होता. त्यांना हे कुणी सांगितलं होतं का, कोण जाणे.

ग्रहांच्या बाबतीत आपण इतकी मेहनत घेतली नाही. 23 सप्टेंबर 1846 ला बर्लिनमध्ये गाल यानं ल व्हेरिएच्या गणितावरून नवा ग्रह पाहिला, त्याला नेप्च्यून नाव मिळालं. मराठीत 'वरुण' म्हणून पाहिलं, पण पंचांगात नेप्च्यूनच चालतो. शेजारच्या युरेनसला मात्र शोधणाऱ्या हर्शेलवरून 'हर्षल' केलं, आणि ते इतकं घरचं वाटतं की त्याच्यात परकं काही आहे असं बारशालाही कुणाच्या मनात येत नाही.

वरुण हा पर्याय वाईट नव्हता. तोही मुळात केवळ पाण्याचा नव्हे. ऋताचा, नियमाचा, पाश टाकणारा देव, आणि उत्तरोत्तर त्याचं राज्य आक्रसत समुद्रापुरतं उरलं. दोघांची कारकीर्द सारखी.

आजकाल हे नाव कुठं ऐकू येतं? बहुतेक शस्त्रांच्या बातम्यांत. अमेरिकेनं पाणबुडीतून सोडायचं पोसायडन क्षेपणास्त्र 1971 मध्ये तैनात केलं. रशियानं 2018 मध्ये अणुशक्तीवर चालणाऱ्या पाण्याखालच्या अस्त्राचं नाव लोकांकडून मतदान घेऊन ठरवलं, तेही पोसायडन. युक्रेननं एप्रिल 2022 मध्ये 'मॉस्क्वा' ही रशियाची युद्धनौका आपण नेप्च्यून क्षेपणास्त्रांनी बुडवल्याचं सांगितलं. म्हणजे काळ्या समुद्राच्या दोन काठांना एकाच देवाची दोन नावं शस्त्रांवर. अमेरिकी नौदलाची पाणबुड्या शोधणारी विमानं तर एका घराण्यातलीच आहेत : आधी नेप्च्यून, मग ओरायन, आता पी-8 पोसायडन. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. काही ग्रीक कथांत तो पोसायडनचाच मुलगा. बाप गेला, पोरगा आला, पुन्हा बाप आला.

यातलं शेवटचं विमान आपल्या दारात आहे. भारतीय नौदलानं 2009 मध्ये त्याच्या भारतीय आवृत्तीचा, पी-8आयचा करार केला, पहिलं विमान 2013 मध्ये अरक्कोणमच्या तळावर उतरलं, आणि 29 मार्च 2022 ला गोव्यातल्या आयएनएस हंसा तळावर या विमानांचं दुसरं पथक उभं राहिलं. ज्या नौदलाच्या बोधवाक्यात वरुणाची प्रार्थना आहे, आणि ज्याच्या ध्वजावर त्याच वर्षापासून शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, त्याच्या ताफ्यात पोसायडन आहे. वरुण, पोसायडन आणि छत्रपती एका हँगरमध्ये. भाषाशास्त्राच्या हिशेबानं शेवटचे दोघे नात्यातले आहेत, हे मघाशी सांगितलंच.

शस्त्रांना हे नाव का भावतं ते उघड आहे. राग. ओडिसियसला वर्षानुवर्षं घरापासून दूर भटकवणारा राग. पायलोसचा मध आणि गहू घेणारा, घोड्यांचा, झऱ्यांचा देव कुणालाच नको असतो. करमणुकीचंही तेच. 'द पोसायडन ॲडव्हेंचर' हा 1972 चा चित्रपट. त्यात पोसायडन नावाचं प्रवासी जहाज नववर्षाच्या रात्री लाटेनं उलटं होतं. जहाजाला हे नाव देणं म्हणजे बंगल्याला 'भूकंप' असं नाव देण्यासारखं, हे मालकाला सुचलं नसावं. मला त्यातल्या त्यात रुचतो तो वनस्पतिशास्त्रज्ञांचा वापर. 'पोसिडोनिया' हे समुद्रगवत. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये 2022 साली कळलं की तिथं 180 किलोमीटर पसरलेलं हे गवताचं रान म्हणजे एकच रोप आहे. कुणाचं जहाज न बुडवता त्यानं देवाचं नाव वाढवलं.

नावांची ही ओढाताण कोल्हापूरला नवी नाही. आपल्या देवीला अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी, यावर या शहरात किती घसे बसले आहेत, हे मी सांगायला नको. गाडी 'महालक्ष्मी एक्स्प्रेस' आहे आणि हाक 'अंबाबाईचा उदो' आहे. पाँपेईत 1938 साली उत्खनन करणाऱ्या मैयुरीला दख्खनच्या धाटणीची हस्तिदंती बाई सापडली, तेव्हा तिलाही लोकांनी लक्ष्मी ठरवलं. आज तिला यक्षी मानतात. तिच्यासारख्याच मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. आपली बाई तिकडं चुकीच्या नावानं ओळखली गेली, त्यांचा देव इकडं बिननावाचा पडून राहिला. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला नसता तर ती, आणि कुंदणगारांनी कुदळ मारली नसती तर तो, दोघंही कधीच नाहीशी झाली असती.

शेवटी एक काम सांगतो, आणि थांबतो. 2005, 2019, 2021 च्या पुरात आपण पाणी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजत बसलो, 39 ला इशारा, 43 ला धोका. त्या पाण्याच्या काठावरच ब्रह्मपुरी आहे. टेकडीवर आज लोकांची घरं आहेत, जुनी पडतात, नवी उठतात, पाये खणले जातात. पाया खणताना एखादं हिरवं पडलेलं भांडं, नाणं, मण्यांची माळ, नक्षीचं खापर निघालं तर ते मोडीत घालू नका, ट्रॉलीत भरू नका, भाचरांना खेळायला देऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीतून दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तो कायदा अजून आहे. आणि ते काय आहे हे विचारायला टाऊन हॉल आहे, सीपीआरच्या अगदी समोर.